दुबार

“जोड म्हणजे काय?” खैरनारांनी माझा कागद डोळ्यांपासून लांब धरला, जणू त्याला वास येत होता. “चपलांचा?”

आबासाहेब हसले, म्हणून दालनातले बाकीचेही हसले.

“जोडा नाही, जोड,” मी म्हणालो. माझा आवाज शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपलीकडे गेला नसावा.

“तेच ते. उद्‌घाटनाच्या पुस्तिकेत आबासाहेबांच्या फोटोखाली जोडा! लोक काय म्हणतील?”

आबासाहेब निकम आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. गिरणेकाठच्या आमच्या तालुक्यात बालवाडीपासून अभियांत्रिकीपर्यंत जे काही शिकवलं जाई ते सगळं त्यांच्या मालकीचं, असं ते स्वतः म्हणत नसत. दुसरे म्हणत आणि ते त्यांना थांबवत नसत. डॉक्टर खैरनार हे मराठी विभागाचे प्रमुख. आबासाहेबांची भाषणं तेच लिहीत. इतकी वर्षं लिहिली होती की घरी चहा मागतानाही ते ‘याप्रसंगी’ म्हणत असतील असं मला वाटे.

आणि मी, वासुदेव फालक, त्याच कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल. इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करून द्या म्हणून मला बोलावलं होतं. खैरनारांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. ते कष्ट मी घ्यावेत आणि नाव त्यांचं लागावं, एवढंच होतं. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणण्याआधी माझ्या मनात समोरच्याची बाजू तयार होते आणि ती माझ्यापेक्षा नेहमी चांगली मांडलेली असते.

शिवाय माझाही स्वार्थ होता.

संस्थेने अभियांत्रिकीच्या तिसऱ्या मजल्यावर डेटा सेंटर उभारलं होतं. लोकांच्या वेबसाइट आपल्या यंत्रांवर ठेवायच्या, त्या अहोरात्र चालू राहतील अशी हमी द्यायची आणि त्याचं भाडं घ्यायचं, असा तो धंदा. विदा म्हणजे डेटा, म्हणून खैरनारांनी त्याला ‘विदागृह’ असं नाव दिलं. पाटी लागली त्या दिवशी ग्रंथालयाचा शिपाई झिपरू ती बराच वेळ वाचत उभा राहिला आणि मला म्हणाला, “सर, आठे कोनी विदा शे?” इथे कुणाची पाठवणी आहे, असं तो विचारत होता. मी हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

माझा स्वार्थ म्हणजे माझ्या कॅसेटी. माझी पत्नी सुमती आणि मी, आमच्या तरुणपणी सुट्ट्यांमध्ये गिरणेकाठच्या खेड्यांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. मी यंत्र सांभाळायचो. बोलायची ती. बायकांशी सोडा, त्यांच्या जात्याशी बोलायचंही मला जमलं नसतं. सुमती कोकणातली. तिला अहिराणी येत नव्हती, म्हणून ती प्रत्येक शब्दाला थांबवून अर्थ विचारायची, आणि म्हणून बायका तिच्याशी भरभरून बोलायच्या. ती गेल्यावर कॅसेटी मी ग्रंथालयाच्या एका कपाटात ठेवल्या. घरी ठेवल्या असत्या तर रोज लावल्या असत्या आणि त्या झिजल्या असत्या. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

त्या आता संगणकात घालून संस्थेच्या वेबसाइटवर ठेवायच्या होत्या. कुणीही, कुठूनही ऐकाव्यात. मला हे फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

*

विदागृह मला हेमांगी वारकेने दाखवलं. ती पुण्याहून कंपनीने पाठवलेली इंजिनियर. मूळची आमच्याच खानदेशातल्या सावद्याची, त्यामुळे मला ‘काका’ म्हणायची.

दाराला बोट लावावं लागे. आत एक दार आणखी. कॅमेरे. आत हिवाळा होता, आणि काळ्या कपाटांतून बारीक दिवे लुकलुकत होते.

“काका, इथे प्रत्येक गोष्ट दोनदा आहे,” ती म्हणाली. “वीज दोन वेगळ्या वाटांनी येते. ती गेली की बॅटऱ्या, मग जनरेटर. हा एसी आणि तो एसी. एक चालतो, दुसरा नुसता तयार असतो.”

“नुसता?”

“नुसता. तो कधीच लागला नाही तर आपण नशीबवान. आणि इथे जे आहे त्याची दुसरी प्रत रोज नाशिकला जाते. ही इमारत जळाली तरी तुमच्या ओव्या राहतील.”

“आणि जळाली तर पाणी…”

“पाणी नाही! या खोलीत पाण्याचा थेंब आणायचा नाही. आगीसाठी गॅस आहे.” तिने छताकडची तोंडं दाखवली. “पुस्तिकेत हा दोनदाचा मुद्दा नीट आला पाहिजे, काका. डेटा सेंटर म्हणजे तेच. बाकी सगळं नुसतं गार खोलीतलं कपाट.”

मी घरी जाऊन पुस्तिकेतल्या ‘रिडन्डन्सी’ या शब्दासाठी मराठी शब्द शोधला. कोशात ‘अनावश्यक’ होता, ‘अतिरिक्त’ होता. दोन्हींत ती दुसरी वस्तू नकोशी वाटत होती. मग मला एक शब्द आठवला. कोशातला नव्हता, ऐकलेला होता. मी लिहिलं: विजेची जोड, एसीची जोड, प्रतीची जोड.

त्यावर दालनात खैरनारांनी त्या चपला काढल्या.

“मग दुसरा कोणता?” आबासाहेबांनी विचारलं.

“दुबार,” खैरनार म्हणाले. “भारदस्त आहे. शासकीय आहे. दुबार वीजपुरवठा, दुबार वातानुकूलन, दुबार प्रत.”

आबासाहेबांनी मान डोलावली. मला काहीतरी म्हणायचं होतं. दुबार पेरणी म्हणजे पहिली वाया गेलेली असते आणि दुबार नाव म्हणजे खोटं, असं काहीसं. पण मराठीचे प्राध्यापक ते होते.

*

संचालक मंडळाच्या बैठकीला मला बसवलं, कारण ओव्यांचा विषय त्यात होता. हेमांगी टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडून बसली होती. खैरनार पुस्तिकेचा मसुदा वाचत होते. तिसऱ्यांदा ‘दुबार’ आल्यावर आबासाहेबांनी हात वर केला.

“थांबा. हे इतकं दुबार का आहे?”

“वैशिष्ट्यं आहेत, आबासाहेब.”

“दुबार हे वैशिष्ट्य?” त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. “उभं आयुष्य मतदार याद्यांवर गेलं माझं. दुबार नाव दिसलं की काट मारायची, एवढंच मला माहीत. आणि इथे आपण ते छापून पाहुण्यांना वाटणार?”

संचालकांनी माना हलवल्या. मी त्या माना पाहत होतो. त्यांच्यापैकी एकालाही त्या खोलीत काय आहे ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचा एकालाही त्रास होत नव्हता. न कळण्याची इतकी सवय माणसाला कशी होते, याचं मला तेव्हा नवल वाटलं. मला तर कळलेल्या गोष्टीचीही खात्री नसते.

“सर, ते हवंच आहे,” हेमांगी म्हणाली. “दुबार म्हणजे तसं दुबार नाही. एक एसी बंद पडला तर दुसरा…”

“ताई, तो दुसरा आत्ता काय करतो?”

“आत्ता काही नाही. तयार राहतो.”

“बसून असतो.”

“हो, पण…”

“बसून पगार घेणारे आमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत.” आबासाहेबांनी खैरनारांकडे पाहिलं नाही, पण खैरनारच सगळ्यांत मोठ्याने हसले. “तो एसी माझ्या दालनात लावा. तिथे निदान कामाला येईल. आणि नाशिकला कशाला पाठवायचं आपलं? आपल्या घरात जागा नाही का?”

“सर, कंपनीच्या अटींमध्ये…”

“कंपनीला मी बोलतो. तुम्ही पाणी घ्या, ताई.”

दुसरी वीज गेली, दुसरा एसी गेला, नाशिकची प्रत गेली. प्रत्येक वेळी आबासाहेब ‘दुबार’ म्हणत आणि हाताने हवेत काट मारत. त्यांना ते करताना छान वाटत असावं. मग खैरनार पुढे झुकले.

“याच न्यायाने, आबासाहेब, त्या कॅसेटी. सगळं संगणकात उतरलंय. आपल्या मायचा आवाजसुद्धा. मग कॅसेटी आता दुबारच. ते कपाट सन्मानचिन्हांना हवंय.”

आबासाहेबांची आई, बायजामाय, माझ्या कॅसेटींमध्ये होती. आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा आबासाहेब नुसते आबा होते आणि घरी नव्हते. हेमांगीला ते नाव सापडलं, तिने सांगितलं, आणि तेव्हापासून उद्‌घाटनाच्या दिवशी मायचा आवाज लावायचं ठरलं होतं. तो दिवसही मायच्या पुण्यतिथीचा निवडला होता.

“रद्दीत द्या,” आबासाहेब म्हणाले. “फालकसर, हरकत नाही ना?”

मी उभा राहिलो. “आहे.”

“काय आहे?”

“हरकत.”

 मी खुर्चीची पाठ धरली.

“आवाज एकाच ठिकाणी राहतील,” मी म्हणालो. “त्या यंत्राला काही झालं तर… आणि आबासाहेब, तो जोड शब्द माझा नव्हता. तो तुमच्या…”

“परत जोडा!” एक संचालक म्हणाला.

मग हशा पिकला. खैरनारांनी रुमालाने डोळे पुसले. आबासाहेब मला हाताने ‘बसा, बसा’ म्हणत होते, पोराला म्हणावं तसं, प्रेमाने. हेमांगी एकटी हसत नव्हती. मी बसलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालयात गेलो. झिपरूने कॅसेटी आधीच दोन पोत्यांत भरून ठेवल्या होत्या.

“रद्दीवाला दुपारले येई, सर.”

मी सगळ्या नोकरीत त्या दारातून एक पुस्तक नोंद न करता बाहेर नेलं नव्हतं. दुसऱ्यांनी नेलेल्या पुस्तकांसाठी मी लोकांच्या दारात उभा राहिलो होतो. मी पोत्याजवळ घुटमळत राहिलो. कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते जुळवत होतो. ही संस्थेची मालमत्ता. नाही, संस्थेने टाकलेली. मग ती रद्दीवाल्याची. पण तो अजून आलेला नाही…

झिपरू माझ्याकडे पाहत होता. मग त्याने एक पोतं उचललं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. दुसरं स्वतः घेतलं.

फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, “काय रे, कुठे?”

“रद्दी,” झिपरू म्हणाला. “आज सरच रद्दीवाला.”

पहारेकरी हसला. मीही हसलो आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत माझी चेष्टा झाल्याचा मला आनंद झाला.

*

मे महिना आणि खानदेश. उद्‌घाटनाला अकराचा मुहूर्त होता, पाहुणे एकला आले. मंडपात पडद्यावर संस्थेची वेबसाइट दिसणार होती, आणि आबासाहेबांनी कळ दाबली की मायचा आवाज येणार होता.

हेमांगीने मला वर बोलावून घेतलं होतं. पाहुणे खोली पाहायला आले आणि ओव्यांविषयी काही विचारलं तर मी सांगावं म्हणून. वर गेलो तर बोट लावायचं दार उघडं होतं. ते मिटू नये म्हणून मध्ये झेंडूची कुंडी सरकवली होती. आत एसी थांबला होता. त्याच्या तोंडावरून काढलेला पूजेचा भलामोठा हार खाली पडला होता, आणि दुसऱ्या एसीच्या जागी भिंतीला नुसती भोकं होती.

“हार काढला, तरी सुरू होत नाही,” हेमांगी खैरनारांना सांगत होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “यंत्रं तापून आपोआप बंद होतायत, सर. ती स्वतःला वाचवतायत. बंदच राहू द्या.”

“पाहुणे बसलेत!” खैरनार ओरडले. “चालू करा.”

तिने चालू केली. ती बंद पडली. खैरनारांनी सभागृहातले पंखे मागवले. पंखे बाहेरची झळ आत ओढू लागले. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग जिन्यात गडबड ऐकू आली आणि दोन माणसं मुलींच्या वसतिगृहातला कूलर घेऊन वर आली. वाळ्याच्या जाळीचा, पत्र्याचा, भरलेला. प्रत्येक पायरीवर त्यातून पाणी सांडत होतं.

हेमांगी दारात आडवी उभी राहिली. “हे आत नाही येणार.”

“का?”

“पाणी आहे त्यात! इथे आग लागली तरी पाणी आणायचं नसतं, म्हणून गॅस बसवलाय.”

“आग कुठे लागलीय?” खैरनार म्हणाले. “नुसतं उकडतंय. बाजूला व्हा, बाई.”

कूलर आत गेला. तो कपाटांना खेटून लावला. वाळ्याचा ओला, गोड वास त्या खोलीत भरला आणि बारीक तुषार काळ्या जाळ्यांवर बसू लागले. खैरनारांनी समाधानाने गळ्याभोवतीचं उपरणं सैल केलं. “बघा,” ते म्हणाले. “साधी गोष्ट असते.”

खाली मंडपात आबासाहेबांनी कळ दाबली. मी जिन्याच्या खिडकीतून पाहत होतो. पडद्यावर आधी त्यांचा फोटो आला. मग फोटो गेला आणि एक छोटं वर्तुळ गोल गोल फिरू लागलं. ध्वनिवर्धकावर आबासाहेब म्हणाले, “आता माझी माय बोलेल.” वर्तुळ फिरत राहिलं. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्यामागे खोलीत काहीतरी चट्‌कन उडालं आणि सगळे दिवे गेले.

पुण्याहून आणखी माणसं आली, त्यांनी यंत्रांतल्या तबकड्या उघडून पाहिल्या आणि परत गेली. काही उरलं नव्हतं. ठपका हेमांगीवर आला. कुठल्याशा निवेदनात खैरनारांनी ‘तांत्रिक हलगर्जीपणा’ असं लिहिलं. ती जायच्या दिवशी माझ्या घरी आली. मी दार उघडलं तर उंबऱ्यातच तिने विचारलं, “काका, तुमच्याकडे आहेत ना?”

मी मान डोलावली.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि चहाही न घेता गेली.

*

आबासाहेब आले ते पावसाळा लागल्यावर, एका संध्याकाळी. ड्रायव्हरला गाडीतच बसवलं. माझ्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. पुस्तकांनी भरलेल्या खुर्च्यांकडे पाहून ते उभेच राहिले, आणि मी पुस्तकं हलवेपर्यंत माझी तारांबळ उडाली.

“फालकसर, त्या कॅसेटी रद्दीत गेल्या म्हणे.”

“गेल्या होत्या.”

“मग?”

मी कपाट उघडलं. आत कॅसेटी होत्या.  खरं तर मी इतके दिवस एक वाक्य तयार करत होतो. ते त्या क्षणी मला आठवलं नाही.

मी बायजामायची कॅसेट लावली. आधी जात्याची घरघर. मग तो जाड, थोडा चिरका आवाज:

“मना बैलनी वं जोड, एक धवळा एक तांबडा, एक थकना वाटमा, दुसरा वढस गाडाले…”

आबासाहेबांनी डोळे मिटले. जातं थांबलं. मग सुमतीचा आवाज आला. तरुण, कोकणी हेल असलेला, आणि इतका जवळून की मी टेबल धरलं.

“जोड म्हणजे काय, माय?”

बायजामाय हसली. ते हसू बराच वेळ चाललं. “अवं पोरी, एक थकना ते दुसरा शे ना! एकला बैलवर गाडा कोन जुपस?”

मी कॅसेट थांबवली. आबासाहेबांचे गाल ओले होते. ते खरं रडणं होतं. त्याबद्दल मला शंका नाही. मी वाट पाहिली. आता त्यांना तो शब्द ऐकू आला असेल, ते माझ्याकडे बघतील, काहीतरी म्हणतील.

“मध्येच ही कोण बोलते?” त्यांनी विचारलं.

“माझी पत्नी.”

“हं. तेवढं काढून टाका. मायचाच आवाज ठेवा.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “आणि दोन प्रती करा. एक ऑफिसात, एक घरी. एकीचा काय भरवसा?”

“दुबार होईल,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते चिडले नाहीत. त्यांना काही आठवलंच नव्हतं.

“होऊ द्या हो,” ते म्हणाले. “दुबार असलेलं बरं.”

त्या दिवसापर्यंत मी आबासाहेबांना भीत होतो. त्यानंतर भ्यायलो नाही. एवढ्या रिकाम्या माणसाला कशाला भ्यायचं?

“तिचा आवाज काढता येणार नाही,” मी म्हणालो. “दोन्ही एकाच पट्टीवर आहेत. एक काढला तर दुसराही जातो.”

हे खरं आहे की नाही, मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंही नाही.

“मग राहू द्या,” ते म्हणाले आणि गेले.

विदागृहाच्या जागी आता बायजामाय स्मृतिदालन आहे. दोन्ही एसी तिथे परत आले आहेत आणि दोन्ही चालू असतात. दर पुण्यतिथीला मैदानावर ध्वनिवर्धकांतून ती ओवी लावतात. आबासाहेबांचा मुलगा आता अध्यक्ष आहे. खैरनार फार थकलेत, पण पहिल्या रांगेत हार घालून बसवलेले असतात. मला कुणी बोलावत नाही. मी घरच्या ओट्यावर बसतो. तिथून सगळं ऐकू येतं.

ओवी संपते, जातं थांबतं आणि सुमती, त्या सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, खैरनारांचाच प्रश्न विचारते.

“जोड म्हणजे काय, माय?”

आणि बायजामाय हसते.